सुसम बहुभुजातल्या वर्तुळपाकळ्यांचं क्षेत्रफळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीच्या गणित भाग २ मधलं महत्त्वमापन सुरू झालं, की नाशिकरोड, पंचवटी, सिडकोकडच्या मुलामुलींचे वहीच्या पानांचे फोटो मोबाईलवर यायला लागतात. आकृत्या निरनिराळ्या असतात, पण अडायच्या जागा त्याच. अधूनमधून अंबडच्या वर्कशॉपमधून किंवा निफाडच्या मळ्यातूनही एखादा प्रश्न येतो, आणि मला ते फार आवडतात. सगळे इथे एकत्र लावले आहेत, सोप्याकडून अवघडाकडे. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वर्तुळपाकळी आणि वर्तुळखंड यांत माझा नेहमी गोंधळ होतो. ओळखायचं कसं?

दोन त्रिज्या आणि त्यांच्यामधला कंस यांनी वेढलेला भाग म्हणजे वर्तुळपाकळी. भाकरीच्या मध्यापासून दोन काप दिले की निघतो तो तुकडा. जीवा (कंसाची दोन टोकं जोडणारी सरळ रेषा) आणि कंस यांच्यामधला भाग म्हणजे वर्तुळखंड. त्यात केंद्राचं टोक नसतं. पाकळीतून दोन त्रिज्या आणि जीवा यांचा त्रिकोण वजा केला की लघुवर्तुळखंड उरतो. आकृतीत आधी केंद्र शोधा. छायांकित भागाचं टोक केंद्रावर असेल तर पाकळी.

२. सूत्र तर एकच आहे, मग कोन कोणता घ्यायचा?

सूत्र असं: पाकळीचं क्षेत्रफळ = (कोन ÷ ३६०) × पाय (π) × त्रिज्या². सगळी मेख त्या कोनात आहे आणि तो ठरतो वर्तुळाचं केंद्र कुठे आहे त्यावर.

केंद्र बहुभुजाच्या शिरोबिंदूवर असेल आणि पाकळी आतल्या बाजूला असेल, तर आंतरकोन घ्या: समभुज त्रिकोणात ६०°, चौरसात ९०°, सुसम (सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेल्या) पंचकोनात १०८°, षट्कोनात १२०°, अष्टकोनात १३५°. केंद्र बहुभुजाच्या मध्यावर असेल आणि पाकळी लगतच्या दोन शिरोबिंदूंकडे जाणाऱ्या रेषांमध्ये असेल, तर ३६० भागिले बाजूंची संख्या: त्याच क्रमाने १२०°, ९०°, ७२°, ६०°, ४५°. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा, प्रत्येक जोडीची बेरीज १८०° येते. परीक्षेत एक कोन आठवला की दुसरा आपोआप मिळतो.

चौरसात दोन्ही कोन ९०° येतात. म्हणून चौरसावर सराव केलेल्या मुलांना हा फरक जाणवतच नाही आणि षट्कोन समोर आला की १२० च्या जागी ६० लिहिलं जातं. सरावाला पहिली आकृती पंचकोनाची घ्या, असं मी आवर्जून सांगतो.

३. गणितात त्रिज्या दिलेलीच नसते. ती कुठून आणायची?

ती वाक्यात दडलेली असते. ‘शिरोबिंदू केंद्र मानून काढलेले कंस परस्परांना स्पर्श करतात’ असं असेल तर त्रिज्या = बाजूची निम्मी. ‘कंस लगतच्या शिरोबिंदूंतून जातो’ असं असेल तर त्रिज्या = बाजू. ‘अंतर्वर्तुळ’ म्हटलं तर मध्यापासून बाजूचं लंबांतर घ्यायचं: चौरसात बाजूची निम्मी, षट्कोनात (√३ ÷ २) × बाजू. ‘परिवर्तुळ’ म्हटलं तर मध्यापासून शिरोबिंदूपर्यंतचं अंतर: षट्कोनात ते बाजूइतकंच, चौरसात कर्णाच्या निम्मं.

उलट परिवर्तुळावरून बाजू काढायची असेल तर आपल्याकडे जुना आणि देखणा मार्ग आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या सुसम बहुभुजांसाठी एकेक संख्या दिली आहे: त्रिकोणाला १०३९२३, चौरसाला ८४८५३, पंचकोनाला ७०५३४, षट्कोनाला ६००००, अष्टकोनाला ४५९२२. व्यासाला या संख्येने गुणायचं आणि १२०००० ने भागायचं. व्यास २० सें.मी. असेल तर पंचकोनाची बाजू २० × ७०५३४ ÷ १२००००, म्हणजे सुमारे ११.७६ सें.मी. कॅल्क्युलेटरवर ताडून पाहा, उत्तर तंतोतंत जुळतं. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी हे आकडे हाताने काढले गेले, याचं मला दर वेळी कौतुक वाटतं.

४. षट्कोनाच्या सहाही कोपऱ्यांत पाकळ्या आहेत. सहा वेळा गणित करायचं का?

नको. सगळ्यांची त्रिज्या सारखी असेल तर कोनांचीच बेरीज करा. ‘न’ बाजूंच्या बहुभुजाच्या आंतरकोनांची बेरीज (न − २) × १८०° असते. तिला ३६० ने भागलं की (न − २) ÷ २ उरतात. म्हणजे सगळ्या कोपऱ्यांतल्या पाकळ्या एकत्र केल्या तर त्रिकोणात अर्धं वर्तुळ, चौकोनात एक, पंचकोनात दीड, षट्कोनात दोन, अष्टकोनात तीन वर्तुळं होतात. एक बाजू वाढली की अर्धं वर्तुळ वाढलं.

कागदावर हे डोळ्यांनी बघता येतं. जाड पुठ्ठ्याचा षट्कोन कापा, कंपासमध्ये बाजूच्या निम्मं अंतर घेऊन सहाही कोपऱ्यांतून कंस काढा, पाकळ्या कापून सुट्या करा आणि टोकाला टोक लावून मांडा. तीन पाकळ्यांत एक वर्तुळ बंद होतं, उरलेल्या तिघींत दुसरं. एकदा हे हाताने केलेला विद्यार्थी पुन्हा सूत्र विसरलेला मी पाहिलेला नाही.

हा योगायोग आहे का, असंही काही जण विचारतात. नाही, कोणत्याही बहुभुजाचे कर्ण काढून (न − २) त्रिकोण करता येतात आणि प्रत्येक त्रिकोण अर्ध्या वर्तुळाचा वाटा देतो. असे नमुने शोधायची गोडी लागलेल्या मुलांना मी देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांबद्दल (१९०५–१९८६) वाचायला सांगतो. ६१७४ ही संख्या त्यांच्या नावाने जगभर ओळखली जाते, आणि ते आपल्याच गावचे शिक्षक होते.

५. बहुभुज सुसम नसेल तर हे चालतं का?

सगळ्या कोपऱ्यांची बेरीज हवी असेल आणि त्रिज्या सारखी असेल, तर हो, अगदी बिनधास्त. प्रश्न ४ मध्ये बाजू सारख्या असण्याचा कुठे उपयोगच केला नव्हता.

उदाहरण: २०, २१ आणि २९ मीटर बाजूंच्या त्रिकोणी शेताच्या तिन्ही कोपऱ्यांत ७ मीटर दोरीने एकेक शेळी बांधली आहे. हा काटकोन त्रिकोण आहे, पण बाकीचे दोन कोन नीट अंशांत येत नाहीत आणि मुलं तिथेच अडून बसतात. ते लागतच नाहीत. तिन्ही मिळून १८०°, म्हणजे अर्धं वर्तुळ. पूर्ण वर्तुळ (२२ ÷ ७) × ७² = १५४, म्हणून १५४ ÷ २ = ७७ चौ.मी. चरून झालं. शेत २१० चौ.मी., उरलं १३३ चौ.मी.

काटकोनात वळलेल्या सहा कोपऱ्यांच्या प्लॉटलाही हे लागू पडतं. त्यात पाच कोपरे ९०° चे आणि आत वळलेला एक २७०° चा. बेरीज ७२०°, म्हणजे दोन वर्तुळं. मात्र दोऱ्या कमीजास्त लांबीच्या असतील, किंवा एकाच कोपऱ्यातली पाकळी विचारली असेल, तर तो तो कोन माहीत असल्याशिवाय सुटका नाही.

६. पाकळ्या काढून टाकल्यावर उरलेल्या भागाचं क्षेत्रफळ?

बहुभुजाचं क्षेत्रफळ वजा प्रश्न ४ ची बेरीज. बहुभुजांची क्षेत्रफळं अशी: समभुज त्रिकोण (√३ ÷ ४) × बाजू², षट्कोन त्याच्या सहापट, पंचकोन सुमारे १.७२ × बाजू².

बाजू १४ सें.मी. असलेला सुसम षट्कोन, कोपऱ्यांतल्या पाकळ्यांची त्रिज्या ७. षट्कोन = ६ × (१.७३ ÷ ४) × १९६ = ५०८.६२. पाकळ्या = दोन वर्तुळं = २ × १५४ = ३०८. उरलं २००.६२ चौ.सें.मी.

७. मध्यापासून काढलेली पाकळी बहुभुजाबाहेर जाते का?

त्रिज्या अंतर्वर्तुळाइतकी किंवा कमी असेल तर नाही. त्यापुढे जाते. १४ सें.मी. बाजूच्या षट्कोनात लंबांतर १२.११ सें.मी. आहे. त्रिज्या १४ घेतली तर ६०° ची पाकळी १०२.६७ चौ.सें.मी. भरते, पण तिच्यातला षट्कोनाच्या आतला भाग म्हणजे फक्त समभुज त्रिकोण, ८४.७७. बाहेर गेलेला १७.९० चा तुकडा हा वर्तुळखंड (प्रश्न १).

त्रिज्या १२.११ आणि १४ यांच्या मध्ये असेल, तर आतल्या भागाचे तीन तुकडे पडतात: मधे एक समद्विभुज त्रिकोण आणि दोन्ही कडांना दोन बारीक पाकळ्या. त्या पाकळ्यांचा कोन काढायला त्रिकोणमिती लागते.

८. पायची किंमत २२/७ घ्यायची की ३.१४?

प्रश्नात दिली असेल ती. दिली नसेल तर त्रिज्या ७ च्या पटीत असताना २२/७ सोयीची, १० च्या पटीत असताना ३.१४. लीलावतीतही दोन किमती आहेत: २२/७ ही स्थूल, व्यवहाराला पुरेशी, आणि ३९२७/१२५० ही सूक्ष्म, म्हणजे ३.१४१६.

एक गोष्ट मात्र जपा. दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी होऊन लहान उत्तर येतं, तिथे किमतीतली बारीकशी चूकही फुगते. प्रश्न ११ मधलं उत्तर २२/७ आणि १.७३ घेऊन २१४.७६ येतं, कॅल्क्युलेटरच्या पूर्ण किमतींनी २१३.०६. मैत्रिणीचं उत्तर तुमच्यापेक्षा थोडं वेगळं आलं म्हणून लगेच खोडू नका. आधी दोघींनी कोणत्या किमती घेतल्या ते बघा.

९. सर, समभुज त्रिकोणातल्या पाकळीचं उत्तर अख्ख्या त्रिकोणापेक्षा मोठं आलं! कुठे चुकलं?

आकडेमोड बरोबर आहे, पाकळीच त्रिकोणात मावत नाही. बाजू १०, त्रिज्याही १० घेतली तर ६०° ची पाकळी ५२.३३ चौ.सें.मी. आणि त्रिकोण ४३.२५. शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूचं अंतर म्हणजे त्रिकोणाची उंची, ८.६५ सें.मी. त्रिज्या तिच्यापुढे गेली की कंस समोरच्या बाजूतून बाहेर फुगतो. त्रिज्या बाजूइतकी असताना ‘त्रिकोणाच्या आतला भाग’ विचारला, तर उत्तर अख्खा त्रिकोण.

ही अडचण फक्त त्रिकोणाची. चौरसात आणि त्यापुढच्या सुसम बहुभुजांत शेजारचा कोन ९०° किंवा जास्त असतो. त्यामुळे पुढची बाजू जवळ येत नाही आणि त्रिज्या बाजूइतकी होईपर्यंत पाकळी आतच राहते.

तिन्ही शिरोबिंदूंवरून असे फुगलेले कंस काढले की जो आकार बनतो त्याला रूलो त्रिकोण म्हणतात. त्याचं क्षेत्रफळ = त्रिकोण + तीन वर्तुळखंड = ४३.२५ + ३ × ९.०८, म्हणजे सुमारे ७०.५ चौ.सें.मी. दोन समांतर पट्ट्यांमध्ये तो कसाही फिरवला तरी दोन्ही पट्ट्यांना टेकलेलाच राहतो.

१०. पाकळ्या एकमेकींवर चढल्या तर बेरीज चालेल का?

थेट चालत नाही. समाईक भाग दोनदा मोजला जातो. त्रिज्या बाजूच्या निम्म्यापेक्षा मोठी झाली की हे सुरू होतं. पण तीच दुहेरी मोजणी कामालाही येते.

१४ सें.मी. चौरसाचे समोरासमोरचे दोन कोपरे घ्या, त्रिज्या १४. प्रत्येक पाकळी १५४, दोन्ही मिळून ३०८. त्या दोघी मिळून अख्खा चौरस झाकतात आणि मधलं पान तेवढं दोनदा झाकलं जातं. म्हणून पान = ३०८ − १९६ = ११२ चौ.सें.मी.

आता चारही कोपऱ्यांतून तसेच कंस काढले तर मधे फुगीर बाजूंचा छोटा चौकोन दिसतो. तो नेहमी विचारला जातो आणि नेहमी सोडून दिला जातो. छेदबिंदूंमुळे प्रत्येक कंसाचे ३०° चे तीन सारखे भाग होतात. मधला आकार म्हणजे एक छोटा चौरस आणि त्याच्या चार बाजूंवर ३०° चे चार वर्तुळखंड. छोट्या चौरसाची बाजू ही ३०° ची जीवा. लंब टाकून पायथागोरस लावला की तिचा वर्ग (२ − √३) × बाजू² येतो. एक वर्तुळखंड = बाजू² × (पाय ÷ १२ − १ ÷ ४). सगळं मिळून (१ − √३ + पाय ÷ ३) × बाजू², म्हणजे चौरसाच्या सुमारे ३१.५ टक्के.

११. षट्कोनात कंपासने सहा पानांची नक्षी काढतो, तिचं क्षेत्रफळ किती?

ही माझी सर्वांत आवडती आकृती. षट्कोन अबकडइफ, मध्य म. प्रत्येक शिरोबिंदूवरून बाजूइतक्या त्रिज्येचा कंस काढला की सगळे कंस म मधून जातात आणि सहा पानं तयार होतात. प्रत्येक पान ६०° च्या दोन वर्तुळखंडांचं असतं, बारा खंड मोजून उत्तर मिळतं. पण मोजणीची वाट अधिक सुंदर आहे.

फक्त अबम हा त्रिकोण पाहा. अ वरची पाकळी त्याला पूर्ण झाकते, ब वरचीही झाकते. शिवाय क वरून आलेला कंस मब या बाजूवरून आत फुगतो आणि फ वरून आलेला मअ वरून. तेवढे दोन फुगवटे तिसऱ्यांदा झाकले जातात, आणि तीच पानांची अर्धुकं. म्हणजे सगळा षट्कोन दोनदा झाकला गेला, पानं तिसऱ्यांदा. सहा पाकळ्यांची बेरीज दोन वर्तुळं (प्रश्न ४), म्हणून

पानं = दोन वर्तुळं − दोन षट्कोन.

बाजू १४ असेल तर १२३२ − १०१७.२४ = २१४.७६ चौ.सें.मी. ना कोन मोजला, ना खंड.

१२. शेळी षट्कोनी पाराच्या कोपऱ्याला बाहेरून बांधली आहे आणि दोरी बाजूपेक्षा लांब आहे. मग?

बाहेरचा कोन ३६०° वजा आंतरकोन, म्हणजे षट्कोनाला २४०°. दोरी बाजूला टेकली की पुढच्या कोपऱ्यावर वळते. तिथून उरलेली दोरी हीच नवी त्रिज्या आणि कोन ६०°. हे दोन्हीकडे होतं.

पाराची बाजू ३ मी., दोरी ५ मी.: (२४० ÷ ३६०) × पाय × २५ + २ × (६० ÷ ३६०) × पाय × ४ = १८ × पाय = ५६.५२ चौ.मी. दोरी दोन बाजूंपेक्षा लांब असेल तर आणखी एक वळण धरा. ती अर्ध्या परिमितीच्याही पुढे गेली, तर दोन्हीकडची चराई मागे एकमेकींवर येते आणि प्रश्न १० ची काळजी घ्यावी लागते.

१३. प्लेटच्या सगळ्या कोपऱ्यांना रेडियस द्यायचा आहे, म्हणजे ते गोलसर करायचे आहेत. पत्रा किती जाईल?

अंबडमधून आलेला हा प्रश्न वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे, कारण इथे कंसाचं केंद्र ना कोपऱ्यावर आहे ना मध्यावर. ते कोपऱ्यापासून थोडं आत, दोन्ही बाजूंपासून रेडियसइतक्या अंतरावर असतं. तिथल्या पाकळीचा कोन १८०° वजा आंतरकोन. सगळ्या कोपऱ्यांची बेरीज कितीही बाजू असल्या तरी ३६०°, म्हणजे बरोबर एक वर्तुळ.

गेलेला पत्रा चौरस प्लेटला (४ − पाय) × रेडियस², सुमारे ०.८६ पट, षट्कोनी प्लेटला (२√३ − पाय) × रेडियस², सुमारे ०.३२ पट. १० मि.मी. रेडियसला चौरसात ८६ चौ.मि.मी. आणि षट्कोनात ३२ चौ.मि.मी. प्लेट केवढी आहे याने काही फरक पडत नाही.

१४. मळ्यात चार कोपऱ्यांना तुषार लावले, तरी मधे कोरडं राहतं. असं का?

फेक, म्हणजे पाणी पोचतं ते अंतर, दोन तुषारांमधल्या अंतराच्या निम्मी ठेवली असेल तर राहणारच. १२ मी. × १२ मी. चौकोन, फेक ६ मी.: चार पाकळ्या मिळून एक वर्तुळ, ११३.०४ चौ.मी. भिजलं, १४४ पैकी ३०.९६ कोरडं, म्हणजे साडेएकवीस टक्के. तेच तुषार समभुज त्रिकोणाच्या मांडणीत लावले तर कोरडा भाग सव्वानऊ टक्क्यांच्या आसपास येतो. मधली जागा आकसते, पण मिटत नाही.

म्हणून एका तुषाराची फेक शेजारच्या तुषारापर्यंत पोचेल असं अंतर ठेवतात. चौकोनात फेक १२ मी. झाली की प्रत्येक जागा किमान दोन तुषारांच्या टप्प्यात येते आणि मधला भाग चारही जणांच्या. तो प्रश्न १० मधलाच फुगीर चौकोन. तुषाराचं पाणी लांब जाताना विरळ होत जातं, त्यामुळे ही दुहेरी-चौहेरी भिजवण वाया जात नाही. वारा असेल तर अंतर आणखी कमी ठेवा, कारण वाऱ्यात पाकळीचा आकार वर्तुळाचा राहत नाही आणि वरचं एकही सूत्र मग तसंच्या तसं लागू होत नाही.